बाकावरची फौज

कबड्डीतली पुणेरी पलटण का बुडाली, याचं उत्तर आमच्या एका विद्वान मित्रानं लातूरच्या एका परिसंवादात दीड मिनिटात देऊन टाकलं. कर्णधार अस्लम इनामदारचा गुडघा गेला, त्याच्या जागी तोलामोलाचा गडी नव्हता, खेळ खलास. तिथंच ते थांबले असते तर हा लेख लिहायचं कारण नव्हतं. पण त्यांनी जाता जाता मराठवाड्यालाही चार शब्द सुनावले. आपल्याकडं म्हणे संघाला खोली नाही, दुसरी फळी उभी करायची अक्कलच नाही. अमेरिकन फुटबॉलवाल्यांकडं बघा, एकेका जागेला दोन-दोन, तीन-तीन माणसं तयार. आपल्याकडं एक हिरो आणि बाकीचे टाळ्या वाजवायला. किल्लारीच्या माझ्यासारख्या माणसानं हे ऐकून चहा-बिस्किटं खाऊन परत यावं, हे काही जमलं नाही.

आधी पलटणीचं बघू. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पलटणीनं प्रो कबड्डीचं पहिलं विजेतेपद मिळवलं. पुढच्याच हंगामात ती बाद फेरीतही पोचली नाही. अस्लमचा गुडघा हे कारण खरंच आहे. पण विजेत्या संघाच्या बचावाचा खांब होता इराणचा मोहम्मदरेझा शादलुई, आणि त्याला काहीही दुखापत झालेली नव्हती. 2 कोटी 35 लाखांना घेतलेला हा गडी पुढच्या लिलावात 2 कोटी 7 लाखांना हरियाणाकडं गेला. 29 डिसेंबर 2024 ला हरियाणानं कप उचलला, तोही पुण्यात, बालेवाडीत. म्हणजे एक माणूस गुडघ्यानं नेला आणि दुसरा लिलावानं. मित्राच्या दीड मिनिटात लिलावाला जागा मिळाली नाही. त्याच्या पुढच्या हंगामात, 2025 मध्ये, हीच पलटण साखळीत पहिली आली आणि अंतिम सामन्यात दिल्लीकडून 31-28 अशी तीन गुणांनी हरली. त्या सामन्यात पलटणीकडून चढाईत भाव खाऊन गेला तो आदित्य शिंदे, कोटीच्या बोलीचा मानकरी नव्हे. दुसरी फळी बाजारातून येते की मैदानातून, याचा निकाल एवढ्यावर लागायला हरकत नव्हती.

आता अमेरिका. तिथल्या व्यावसायिक संघात 53 गडी असतात आणि मैदानावर एका वेळी 11. यापेक्षा भरलेला बाक जगात क्वचितच असेल. तरीही सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचं काय झालं? 2022 च्या हंगामात त्यांचा पहिला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, सप्टेंबरातच जायबंदी झाला. दुसरा डिसेंबरात. तिसरा ब्रॉक पर्डी, निवडीत अगदी शेवटी, 262 व्या क्रमांकावर उचललेला पोरगा, संघाला उपांत्य सामन्यापर्यंत घेऊन आला. 29 जानेवारी 2023 ला त्याचा कोपर गेला. चौथा उतरला, त्याच्या डोक्याला मार बसला. मग दुखऱ्या कोपराच्या पर्डीलाच परत उभं केलं. त्याला धड फेकता येत नव्हतं. सामना 31-7 असा गेला. चार-चार माणसांची तयारी असलेली खोलीही तळाला लागते. त्यानंतर लीगनं नियम बदलून आणीबाणीच्या तिसऱ्या म्होरक्याची सोय केली. आमचे मित्र ज्यांच्याकडून शिकायला सांगतात, ते स्वतः ठेच खाऊन शिकत आहेत.

राखीव गडी कामाला येतो तो एकेक माणूस वेगवेगळ्या कारणानं पडतो तेव्हा. आज याचा गुडघा, उद्या त्याचा खांदा. सगळ्यांवर एकदमच कोसळलं तर राखीव माणूसही त्याच छपराखाली झोपलेला असतो. किल्लारीला हे सांगायची गरज नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांचा भूकंप. आदल्या रात्री गणपती विसर्जनाला जागलेली माणसं नुकती पडली होती. मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंती, वर मणामणाच्या मातीची माळवदं. घरातला कर्ता गेला तर त्याचा भाऊ उभा राहतो, हा आमचा हजार वर्षांचा हिशोब. त्या पहाटे कर्ता आणि भाऊ एकाच भिंतीखाली सापडले. नंतर जी दुसरी फळी आली ती गावाबाहेरून आली. लष्कर आलं, डॉक्टर आले, पोत्यांनी धान्य आलं. भारतीय जैन संघटनेनं 1200 मुलं शिकायला पुण्याला नेली. मोठ्या संकटात एकट्या संघाची खोली पुरत नाही, शेजाऱ्याची लागते. तेव्हा प्रत्येकानं आपापला बाक भक्कम करावा, हा उपदेश निदान आमच्या गावात येऊन करू नये.

इथपर्यंत मी मित्रावर मात केली म्हणायला हरकत नाही. पण मातीच्या मैदानांची बढाई मारताना मला एक जुना दाढीवाला आठवतो आणि माझी बाजू ढिली होते. कार्ल मार्क्सनं 1867 च्या ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात बेकारांच्या राखीव फौजेबद्दल लिहिलं आहे. मार्क्सचं नाव काढलं की अलीकडं लोक उठून जातात. बसून राहिलेल्यांसाठी लिहितो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, कारखान्याच्या दाराबाहेर रिकामी माणसं उभी असणं हा व्यवस्थेचा अपघात नाही, ती तिची गरज आहे. बाहेर रांग आहे म्हणून आतला मजुरीसाठी भांडत नाही, आणि तेजी आली की हवी तेवढी माणसं हाताशी असतात. या फौजेच्या त्यानं तीन तऱ्हा केल्या: आत-बाहेर तरंगणारी, साचून राहिलेली आणि सुप्त. सुप्त म्हणजे शेतीत दडलेली. गावात आहे तोवर ती बेकार म्हणून कुणाला दिसत नाही. एका पावसानं दगा दिला की रस्त्यावर येते. मार्क्सनं आमचा औसा तालुका पाहिला नव्हता. पण सोयाबीनचा भाव पडल्यावर इथली पोरं कुठं जातात, हे त्यानं लंडनच्या ग्रंथालयात बसून लिहून ठेवलं होतं. ऊसतोडीची उचल घेऊन कोयता खांद्यावर टाकणारी ही फौज, आणि पहाटे मैदानावर 1600 मीटर पळणारीही हीच. 2024 च्या पोलीस भरतीत सुमारे 17 हजार जागांना 17 लाखांच्या वर अर्ज आले. एका जागेमागं शंभर. एवढी खोली सॅन फ्रान्सिस्कोलाही झेपायची नाही.

मग आम्ही ज्याला मराठवाड्याची खाण म्हणतो, ती काय आहे? तालुक्याच्या स्पर्धेत फाटक्या बुटांत खेळणारा, गुडघ्याला हळद लावणारा, पंचविशीत घरच्यांनी लग्न करून टाकल्यावर खेळ सोडणारा कबड्डीपटू. त्याच्यासारखे हजार आहेत म्हणून एक अस्लम निवडता येतो. आणि तोच एक जायबंदी झाला की हजारांतून दुसरा फुकटात मिळतो. मित्र म्हणतो खोली नाही. खोली भरपूर आहे, फक्त तिचं भाडं कुणी देत नाही.

आता कबड्डीबद्दल एक गोष्ट, जी लिलावातल्या पाट्या उंचावणाऱ्यांना ठाऊक नसेल. जुन्या काळी हा खेळ तीन तऱ्हांनी खेळला जायचा. अमर प्रकारात बाद झालेला गडी मैदान सोडतच नसे, फक्त गुण मोजला जाई. गामिनीत बाद झाला तो बाहेरच, सगळा संघ बाद होईपर्यंत. संजीवनीत मात्र समोरचा गडी बाद झाला की आपला बसलेला गडी उठून आत येई. आजची कबड्डी संजीवनीची लेक आहे. गंमत अशी, की प्रो कबड्डीनं त्यावर आणखी एक भर घातली: तीन किंवा त्याहून कमी गडी उरलेल्या संघानं चढाईपटू पकडला तर अव्वल पकड, एक गुण जादा. कमी पडलेल्याला जास्त. अमेरिकन फुटबॉलच्या नियमांत इतकी माया मला कुठं दिसली नाही. आणि ज्यांनी हा नियम केला, त्यांनीच मैदानाबाहेरचा सगळा कारभार मात्र गामिनीचा ठेवला. एकदा दुखापत झाली, एकदा निवड हुकली, की बसा बाहेर.

खो-खोपटू सारिका काळेला 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला तेव्हा धाराशिवकडच्या आम्हा सगळ्यांची छाती फुगली. मैदानावर तिच्याबरोबर पळालेल्या बाकीच्या पोरी आज कुठं आहेत, हे विचारायला पत्रकार गेले नाहीत. मीही गेलो नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे आणि ती जिल्हा संघटना, फ्रँचायझी आणि क्रीडा खातं अशा तिघांकडं आहे. संघ बाराचा असतो, खेळतात सात. जिल्हा स्पर्धेपासून वरपर्यंत बाराही जणांना सारखं मानधन द्या आणि दुखापतीचा विमा बाराही जणांचा काढा. जी फ्रँचायझी ज्या तालुक्यातून गडी उचलेल, तिनं त्या तालुक्यातल्या एका मैदानाचा वर्षाचा खर्च उचलावा. एवढं झाल्यावर आमच्या विद्वान मित्रांनी लातूरला पुन्हा यावं आणि खोलीवर बोलावं. चहा मी पाजीन.