रात्री दोनचे लॉगिन

गडचिरोलीच्या दक्षिणेकडच्या एका ग्रामपंचायतीत मी एकदा दाखला काढायला बसलो होतो. संगणक परिचालक पोरगा पंचविशीतला. पडद्यावरचे चक्र गरगर फिरत होते आणि तो निवांत होता. मी घाई करायला लागलो तेव्हा म्हणाला, "दिवसा कुठं चालते सर्वर, भाऊ? रातीच्या दोनले उठतो, तवा कुठं फाईल चढते." टेबलाच्या खणात डिजिटल सहीचे दोन डोंगल पडले होते, एक सरपंचाचा आणि एक ग्रामसेवकाचा. दोन्हींना चिकटपट्टी लावलेली, तीवर बॉलपेनने पासवर्ड. खर्चाला दोघांच्या सह्या लागतात, त्या दोन्ही या पोराच्या बोटात.

माहितीच्या चोरीत बाहेरच्या हॅकरपेक्षा घरचा भेदी अवघड, हे आता सगळेच मानतात. त्यावरचा उपाय म्हणून कर्मचाऱ्याच्या वागण्यातल्या धोक्याच्या खुणा ओळखण्याची पद्धत कंपन्यांत आणि बँकांत रुळते आहे. अवेळी लॉगिन, स्वतःच्या कामाबाहेरच्या फायली उघडणे, साहेबांशी खटके, एकाएकी आलेला पैसा, कर्ज, गप्प गप्प राहणे, अशी ही यादी असते. ती पुढ्यात ठेवून त्या पोराकडे पाहिले तर तो पहिल्याच दिवशी सापडेल. अपरात्रीचे लॉगिन, दुसऱ्याच्या सह्या आणि नाराजी, तिन्ही आहेत. राज्यभरातल्या परिचालकांनी रखडलेल्या मानधनासाठी किती मोर्चे काढले ते सगळ्यांना ठाऊक आहे. आणि तरीही तो चोर नाही. रात्री जागतो म्हणून तर गावाची कामे होतात.

यादी खोटी आहे असे मला म्हणायचे नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, मरूची शायर इथे 2000 साली घडलेले प्रकरण या विषयात नेहमी सांगितले जाते. सांडपाण्याच्या पंपांना रेडिओ यंत्रणा बसवणाऱ्या कंत्राटदाराकडचा एक माणूस काम सोडून गेला. मग त्याने स्थानिक परिषदेकडे नोकरी मागितली, ती नाकारली गेली. त्यानंतर लॅपटॉप आणि रेडिओ संच घेऊन तो बाहेरून पंपांना आज्ञा देत राहिला. सुमारे आठ लाख लिटर मैला उद्यानांत आणि ओढ्यांत गेला. सुरुवातीला तर अभियंत्यांना हा यंत्राचाच बिघाड वाटत होता. दुखावलेला, नाकारलेला माणूस म्हणजे यादीतली ठळक खूण, हे कबूल. पण त्याच्या मनात काय चालले आहे ते ओळखायची परिषदेला गरजच नव्हती. काम सोडलेल्या माणसाची आज्ञा पंपांनी मानायला नको होती, एवढी तजवीज पुरली असती.

आणि दुखावलेली माणसे आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात मोजायची तरी किती? ऊर्जानगरच्या 2920 मेगावॅटच्या वीज केंद्राला जमिनी दिलेले प्रकल्पग्रस्त आहेत, खाणींतले आणि कारखान्यांतले कंत्राटी कामगार आहेत. 2021 मध्ये तर प्रकल्पग्रस्त नोकरीसाठी त्या केंद्राच्या चिमणीवर जाऊन बसले होते. चिमणीवर चढणारा आपली तक्रार गावभर दाखवतो. त्याला संशयिताच्या वहीत टाकले तर बाकीचे एवढेच शिकतील की तक्रार करायची नाही.

थोडा हिशोब करू. दोन हजार कर्मचारी आहेत आणि त्यांतले दोघे खरोखर घात करणार आहेत असे धरू. खुणा ओळखणारी यंत्रणा इतकी चांगली की दोघांनाही पकडते आणि शंभर निरपराधांमागे पाचच जणांवर चुकून बोट ठेवते. म्हणजे एकशे दोन माणसे चौकशीच्या खोलीबाहेर बसणार, आणि त्यांतली शंभर निर्दोष असणार. त्या शंभरांचे पुढे काय होते, ते गडचिरोलीइतके दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला कळले असेल असे मला वाटत नाही.

इथे 'खबऱ्या' हा शब्द आहे. चार दशकांत नक्षलवाद्यांनी पोलिसांचा खबऱ्या ठरवून शेकडो माणसे मारली, बहुतेक आदिवासी. कुणाकडे नवी मोटारसायकल आली, कुणी तालुक्याला वारंवार जाऊ लागला, कुणाच्या हातात मोबाइल दिसला, एवढ्यावर संशय बसायचा. दुसऱ्या बाजूला, रात्री दारात आलेल्या बंदुकवाल्यांना भात वाढला म्हणून तोच गावकरी पोलिसांच्या नजरेत यायचा. कार्यालयातला संशय जीव घेत नाही, त्यामुळे ही तुलना ताणलेली वाटेल. पण वागणे बघून माणूस ओळखण्याची रीत दोन्हीकडे एकच आहे. शिवाय ज्याच्यावर संशय आला त्याला तो कधी सांगितला जात नाही, आणि म्हणून खोडताही येत नाही.

आता मुंबईकडे पाहू. पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला हमीपत्रांचा घोटाळा 2018 च्या सुरुवातीला उघड झाला. आकडा आधी 11,400 कोटींचा होता, पुढे तो 13,000 कोटींच्या वर गेला. आरोपपत्रानुसार स्विफ्ट यंत्रणेतून परदेशी शाखांना संदेश जात होते आणि बँकेच्या मूळ संगणक प्रणालीत त्यांची नोंदच होत नव्हती, कारण दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. ज्या उपव्यवस्थापकावर मुख्य ठपका आला तो सुमारे सात वर्षे त्याच शाखेत होता आणि 2017 मध्ये रीतसर निवृत्त झाला. गोष्ट बाहेर कशी आली, तर खुर्चीवर नवा माणूस आला, त्याने हमीपत्रासाठी पूर्ण रोख तारण मागितले आणि हमीपत्र मागायला आलेले म्हणाले, आजवर कुणी मागितले नव्हते. कुणाच्या वागण्यातली खूण कुणी वाचली नव्हती. फक्त खुर्चीवरचा माणूस बदलला होता.

वर्षानुवर्षे एकाच टेबलावर बसणारा, रजा न घेणारा, "माझ्याशिवाय कुणाला जमत नाही" म्हणणारा माणूस आपल्याकडे निष्ठावान ठरतो. निरोप समारंभात त्याला शाल-श्रीफळ मिळते. यादीतले भांडखोर आणि उदास लोक बाजूला ठेवून मी पहिल्यांदा त्याचे टेबल बघेन. तो चोर असेल म्हणून नव्हे. कुंपण शेत खात असेल तर ते त्याच्या गैरहजेरीतच दिसते. रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये नाजूक जागांवरच्या कर्मचाऱ्यांना वर्षातून सलग किमान दहा कामकाजाचे दिवस, पूर्वकल्पना न देता, सक्तीच्या रजेवर पाठवायला सांगितले. मला हा उपाय आवडतो, कारण तो सगळ्यांना सारखा लागू होतो आणि त्यात कुणाचा अपमान नाही.

गडचिरोलीच्या भामरागड तालुक्यात मात्र तो कसा राबवायचा? पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की तालुका तुटतो, आणि संगणक येणारा माणूस एकच. त्याला रजेवर पाठवले तर त्याची जागा घ्यायला कोण? इथे भेदी शोधण्याआधी दुसरा माणूस नेमावा लागेल, दोघांना वेळेवर पैसे द्यावे लागतील, आणि सरपंचाच्या सहीचा डोंगल सरपंचाच्या घरी राहील असे पाहावे लागेल. एवढ्या खर्चापेक्षा लॉगिनवर नजर ठेवणारे सॉफ्टवेअर स्वस्त पडते.

त्या ग्रामपंचायतीत मी वर्षभराने पुन्हा गेलो. तो पोरगा काम सोडून हैदराबादला गेला होता. नवी मुलगी बसली होती. पडद्यावर लॉगिनचे नाव अजून त्याचेच होते. पासवर्ड विचारायला तिला त्याला फोन करावा लागला, आणि त्याने तो लगेच सांगितला.