पाइकाचे स्मरण

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥

सज्जनहो, रणांगणावर पडलेल्या शिपायाचे स्मरण वारकऱ्याने कसे करावे? वरवर पाहता प्रश्न सोपा दिसतो. तसबिरीला हार घालावा, जयजयकार करावा, दोन मिनिटे उभे राहावे, झाले! पण थोडे खोल गेले म्हणजे त्यातून दोन अवघड शंका निघतात. आपल्या गळ्यात तुळशीची माळ आहे. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून जपणारे आपण, आणि शिपायाचे काम तर शत्रूचा प्राण घेण्याचे. मग त्याचे नाव हरिकीर्तनात घ्यावे की नाही? ही पहिली शंका. दुसरी शंका त्याच्या माऊलीची आहे. परमुलखात पडलेल्या लेकराचा देहही तिला मिळत नाही. ना अग्नी, ना अस्थी, ना चंद्रभागेत सोडायला चिमूटभर राख. तिने स्मरण करायचे ते कशाचे? या दोन शंकांचा विचार आपण एका खऱ्या शिपायाच्या उदाहरणाने करू.

पूर्वीचा कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा. त्यातल्या माणगाव तालुक्यात पळसगाव आहे. तिथले यशवंतराव घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होते. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इटलीत लढत होती. दिवस होता १० जुलै १९४४. इकडे पंढरीची आषाढी होऊन आठवडा उलटला होता. तिकडे टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात यशवंतरावांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडीतले सारे जवान मेले किंवा जखमी होऊन पडले. उभे राहिले ते एकटे यशवंतराव. ते थबकले नाहीत. थेट मशीनगनवर धावून गेले, हातबाँब टाकून ती बंद पाडली, आणखी एकाला गोळी घातली. बंदुकीतल्या गोळ्या संपल्या, नव्या भरायला उसंत नव्हती, तेव्हा राहिलेल्या दोघांना त्यांनी बंदुकीच्या दस्त्याने ठार केले. मोर्चा हाती आला, पण शत्रूच्या नेमबाजाची गोळी लागून ते तिथेच पडले. वय अवघे २२. मरणोत्तर त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्यांची कबर कुठे आहे हे कोणास ठाऊक नाही. इटलीत कॅसिनो येथे, ज्यांच्या देहाचा ठाव लागला नाही अशा जवानांचे स्मारक आहे. त्यावर त्यांचे नाव तेवढे कोरलेले आहे.

आता पहिली शंका. चार माणसांचा जीव घेणाऱ्याचे नाव कीर्तनात कसे घ्यावे? अहो, आपली ज्ञानेश्वरी ज्या गीतेवर आहे ती गीता सांगितली गेली कुठे? दोन सैन्यांच्या मध्ये उभ्या असलेल्या रथात. पण म्हणून माऊलींनी मारण्याची गोडी सांगितली, असे कोणी समजू नये. त्याच ग्रंथाच्या तेराव्या अध्यायात माऊली अहिंसेचे वर्णन करायला बसतात, तेव्हा ज्ञानी पुरुषाचे पाऊल भूमीवर किती हळुवार पडते येथपासून ते सांगतात आणि ओव्यांमागून ओव्या सांगत राहतात. रणातला उपदेश आणि हे हळुवार पाऊल एकाच ग्रंथात, एकाच मुखातून आलेले आहे. याचा अर्थ एवढाच की, प्राप्त कर्म करताना मनात द्वेष नको, लोभ नको, मी केले हा ताठा नको.

तुकोबारायांच्या गाथ्यातही पाइकाचे अभंग आहेत. पाइक म्हणजे पायदळाचा शिपाई. पोटासाठी हत्यार वागवणारा वेगळा आणि धन्यासाठी जीव पणाला लावणारा वेगळा, असा भेद तुकोबा तिथे करतात. तो भेद आपल्या उदाहरणाला लावून पाहा. त्या वेळी देश परतंत्र होता. लढाई पुकारताना हिंदी माणसाला कोणी विचारले नव्हते. कोकणातली पुष्कळ पोरे घरच्या ओढगस्तीमुळे पलटणीत जात. हे सगळे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण बाबांनो, पगार माणसाला छावणीपर्यंत नेईल. सोबतचे सगळे पडलेले असताना धडधडत्या मशीनगनपर्यंत कोणाला पगार नेत नाही! तिथे देहाची आशा सोडावीच लागते. तुकोबा ज्याला पाइकपण म्हणतात ते हेच. आम्ही कीर्तनात घ्यायचे ते हे देह ओवाळून टाकणे. त्या चौघांच्या मरणाचा उत्सव घ्यायचा नाही. त्यांनाही आया होत्या, आणि त्या आयांचा पोरगाही परत आला नाही. वीराची कथा सांगताना ज्याला मेलेल्या शत्रूची टवाळी सुचते, त्याने माळ घातली खरी, पण ती गळ्यातच राहिली.

शिवाय शिपाईपण वारीला परके नाही. आळंदीहून माऊलींच्या पालखीचा आजचा सोहळा ज्यांनी लावून दिला ते हैबतबाबा आरफळकर मूळचे शिंद्यांच्या पदरचे सरदार. दिंड्यांचे क्रमांक, चोपदाराची शिस्त, मुक्कामाचे तंबू, पुढे चालणारे अश्व, यांत शिपायाचा हात दिसतो. आळंदीच्या महाद्वारात पहिली पायरी त्यांची आहे, आणि कार्तिकीच्या सोहळ्याची सुरुवात त्या पायरीच्या पूजनाने होते.

आता दुसरी शंका, माऊलीची. देह मिळाला नाही तर शास्त्राने पालाशविधी सांगितला आहे. दर्भ आणि पळसाची पाने घेऊन मनुष्याकृती करायची आणि तिला अग्नी द्यायचा. कर्माची पूर्तता त्याने होते, पण आईचे मन पानांच्या बाहुल्यावर कसे निवावे? तिच्यासाठी संतांच्या चरित्रात एक मोठा आधार आहे. शके १२६० मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर त्याखाली गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेवराय तिथे गेले. ढिगाऱ्यात सगळ्यांच्याच अस्थी एकमेकींत मिसळलेल्या. त्यातून चोखोबा ओळखायचे कसे? नामदेवराय एकेक अस्थी उचलून कानाशी धरू लागले, आणि जिच्यातून विठ्ठल विठ्ठल ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखले. त्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी दिली.

या कथेतला दृष्टांत नीट पाहावा. ढिगाऱ्यात रूप हरवले, नाम हरवले नाही. आणि ते नाम ऐकायला कोणीतरी मंगळवेढ्यापर्यंत चालत गेला, वाकला, कान लावला. नामदेवराय गेले नसते तर नाम असूनही ऐकले कोणी असते? इटलीच्या त्या मोहिमेत ५०,००० हून अधिक हिंदी जवान होते. त्यांपैकी ५,७८२ तिकडेच राहिले. तितकी नावे आहेत. प्रश्न आहे तो कान लावणाऱ्यांचा.

आणि कान लावणारे निघाले, तेही कुठले? ज्या खोऱ्यात यशवंतराव पडले तिथल्या मोंतोने गावात २०२३ साली त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले गेले. आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे वाक्य त्यावर आहे. ना भाषा एक, ना देव एक, तरी त्या लोकांनी आठवण धरली. माणगावातही यशवंतरावांचा पुतळा आहे. पण सज्जनहो, पुतळ्याला वर्षातून एकदा हार घातला म्हणजे स्मरण पुरे झाले काय?

आमचे सांगणे थोडके आहे. ज्या गावातला जवान पडला असेल त्या गावाच्या सप्ताहात त्याचे नाव एकदा तरी घ्यावे. वीणापूजनाचा, ग्रंथपूजनाचा मान बहुधा जोडप्याला देतात. तो एका वर्षी त्याच्या पत्नीच्या किंवा आईच्या हातून करवावा. कपाळ मोकळे म्हणून तिला मागच्या रांगेत बसवणारे गाव आणि व्यासपीठावरून तिच्या धन्याचा जयजयकार करणारे गाव एकच असेल, तर तो जयजयकार विठोबापर्यंत पोचत नाही. पंढरीच्या वाटेवर तिच्या डोक्यावर तुळशीवृंदावन द्यावे. पेरणीच्या दिवसांत तिच्या शेतात चार औते जावीत. पोराच्या शाळेची चौकशी व्हावी. शिपायाने सोबत्यांसाठी देह दिला, आपण त्याच्या घरासाठी चार दिवस द्यावे. एवढे तरी पाइकपण आपल्याला जमावे.

आणि ज्या माऊलीजवळ राखही नाही, तिला आम्ही सांगू: आई, तुझ्या लेकराचा देह दूरच्या मातीत गेला, पण त्याचे नाव तुझ्या ओठांवर आहे. रोज हरिपाठ झाला की विठोबाच्या नावाशेजारी ते नाव घे. विठोबा ते ऐकतो. गाव ऐकत नसेल तर गावाला ऐकायला लावणे हे आम्हां टाळकऱ्यांचे काम.

॥ रामकृष्णहरि ॥