फूल उघडून बघितलंस का?

"सर, यंदा चवळीला शेंगच धरली नाही," म्हणालास. मी एवढंच विचारलं, फूल उघडून बघितलंस का? तर तुझी मान खाली.

पडघ्याच्या त्याच खाचरात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर तुझा बाप चवळी आणि वाल घ्यायचा. शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं त्यानं. पण सकाळी उकिडवा बसून झाडन् झाड न्याहाळायचा. तू शेतीची पदविका घेतलीस. फुलकिड्याची आकृती काढून माझ्याकडून १० पैकी ९ गुण घेतलेस. ते गुण कुठल्या कणगीत ठेवलेस?

म्हणे थंडी बाधली. म्हणे औषध बोगस निघालं. नाचता येईना, अंगण वाकडं! कुठलं औषध? "दुकानदारानं दिलं ते." दुकानदार तुझ्या खाचरात आला होता? आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

"किडा दिसतच नाही हो." दीड मिलिमीटरचा किडा गाडीवर बसून दिसेल? चवळीचं फूल सकाळी उमलतं, दुपारपर्यंत मिटतं. तू गोदामाची पाळी उरकून चार वाजता जातोस. तोवर किडा पाकळ्यांच्या आत बसून खरवडतोय, रस शोषतोय. कळी करपते, फूल गळतं, मागे नुसता दांडा उरतो. तो रिकामा दांडा तरी दिसला होता ना?

"फवारलं तरी मरत नाही." मरेल कसा? अंडी झाडाच्या ऊतींत, कोष मातीत. हे तूच परीक्षेत लिहिलं होतंस. दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी हजर होते आणि तू तेच औषध दुप्पट करून मारतोस. मेलं कोण? फुलकिडे खाणारे बारके ढेकूण आणि मधमाश्या. स्वतःच्या शेताचे राखणदार स्वतःच मारलेस.

वेळ नाही, हे तर बोलूच नकोस. रात्री अकरापर्यंत मोबाइल चोळायला वेळ आहे. २० फुलं झटकायला किती लागतो?

उद्या सकाळी पांढरा कागद घेऊन जा. पाच ठिकाणची चार-चार फुलं त्यावर झटक. पिवळसर पिल्लं मोज, काळपट प्रौढ मोज, वहीत लिही. काहीच पडलं नाही, तर मातीत बोट घाल. ओल तुटली तरी फूल गळतं. किडे पडले, तर निळे चिकट सापळे लाव. ५ किलो निंबोळीच्या चुऱ्याचा १०० लिटर अर्क कर आणि मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवार. शेजारचा वालही झटकून बघ. आणि पुढच्या वर्षी कळी दिसल्यापासून हे कर. फुलं गळाल्यावर धावणं म्हणजे वरातीमागून घोडं.

तू ढ असतास, तर मी घसा कोरडा केला नसता. तुला येतं, आणि तू करत नाहीस. राग त्याचाच आहे. उद्या वही घेऊन ये. पान कोरं असेल, तर उंबऱ्याबाहेरूनच परत जा.