मावशीचा पगार

अमरावतीचे इर्विन असो की अकोल्याचे सर्वोपचार, वॉर्डात पाऊल टाकले की दोन हाका हटकून कानी येतात: ‘मावशी’ आणि ‘मामा’. डॉक्टर म्हणजे साहेब किंवा मॅडम, परिचारिका म्हणजे सिस्टर, आणि बेडपॅन देणारी, चादर बदलणारी, स्ट्रेचर ढकलणारी माणसे मात्र नात्यातली. ‘मावशी, जरा पानी देजा वो,’ असे म्हणणाऱ्या वऱ्हाडी म्हातारीच्या स्वरात हुकूम नसतो, हक्क असतो. हाक गोडच आहे. पण त्या गोडव्याआड एक जुना हिशेब दडलेला आहे. मावशीला कोणी पगार विचारत नाही, आणि ‘हे काम तू कुठे शिकलीस?’ असेही विचारत नाही.

अलीकडे हे दोन्ही प्रश्न विचारले जाऊ लागले आहेत. रुग्णाजवळच्या या कामाला आता ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ असे नाव आहे, काही महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहे, प्रमाणपत्र आहे. त्यावर घरातल्या जाणत्यांकडून एक आक्षेप येतो आणि तो धर्माच्या भाषेत येतो. सेवा ही मनातून येते, तिला कागद कशाला? आणि पैसे घेतले की ती सेवा उरते का?

या आक्षेपामागचे बळ वऱ्हाडात नाकारता येणार नाही. अकोल्याहून रेल्वेने शेगावला उतरावे आणि गजानन महाराजांच्या संस्थानात सेवेकऱ्यांकडे पाहावे. गावाकडची शेतीवाडी मागे ठेवून ही माणसे ठरलेल्या दिवसांची सेवा करायला येतात, फरशी पुसतात, रांगा सांभाळतात, पंगती वाढतात आणि परत जातात. मोबदल्याचा विषयच नसतो. ज्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे, त्याला निष्काम कर्म हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

पण मंदिरातला सेवेकरी आणि वॉर्डातली मावशी यांच्यात एक फरक आहे, आणि सगळा प्रश्न त्या फरकात आहे. फरशी नीट पुसली गेली नाही तर ती पुन्हा पुसता येते. अर्धांगवायूने पडून असलेल्या माणसाची कूस वेळेवर बदलली गेली नाही, तर त्याच्या माकडहाडावर जखम होते. ती भरायला महिने लागतात, कधी भरतच नाही.

कूस बदलणे हे काम जवळून पाहण्यासारखे आहे. साधारण दर दोन तासांनी ते करायचे असते. शिकाऊ मुलगी आधी हात धुते, साबणाने, चाळीस ते साठ सेकंद, बोटांच्या बेचक्यांसकट. मग रुग्णाला ओढत नाही, कारण ओढल्याने कातडी चादरीवर घासते. आडव्या चादरीचा आधार घेऊन दोघी मिळून त्याला वळवतात. चादरीची सुरकुती काढतात. मग टाचा, खुबे, माकडहाड तपासायचे. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडायचे. डाग क्षणभर पांढरा पडला तर ठीक. लालच राहिला तर आतली इजा सुरू झाली आहे, लगेच सिस्टरला सांगायचे. सावळ्या कातडीवर ही लाली नीट दिसत नाही. तिथे हाताची पाठ टेकवून ऊब आणि कडकपणा चाचपावा लागतो. एवढे सगळे माया असली म्हणून सुचत नाही. आईवर जीव टाकणारा मुलगाही तिला प्रेमाने ओढूनच वर सरकवतो.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यकाने हे ओळखले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारक हा चौथाई उपचार आहे, उपकार म्हणून आलेला माणूस नव्हे. त्याचे गुणही चार: उपचारांची माहिती, हाताचे कसब, रोग्याविषयी जिव्हाळा आणि स्वच्छता. यात जिव्हाळा आहेच, पण यादी सुरू होते ती माहितीपासून. सेवेला शिक्षणाची गरज नाही असे म्हणणाऱ्याला परंपरेचा आधार हवा असेल, तर तो निदान इथे मिळत नाही.

मेळघाटातले उदाहरण तर डोळ्यांसमोरचे आहे. बैरागडला डॉ. रवींद्र कोल्हे आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आयुष्य घातले; २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. पहिल्या तपासणीचे दोन रुपये आणि पुढच्या खेपेचा एक, ही त्यांची फी ठाऊक नाही असा माणूस अमरावती जिल्ह्यात विरळा. यात लक्षात घ्यायच्या दोन गोष्टी आहेत. कोल्ह्यांनी तळमळीवर भागवले नाही. डोंगरात आपले ज्ञान अपुरे पडते हे कळल्यावर डॉ. रवींद्र पुन्हा शिकायला गेले आणि एम.डी. होऊन परतले. आणि फी लहान होती, पण होती.

मोबदल्याच्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मात्र गाडगेबाबांनी जगून दाखवले. शेंडगावात १८७६ साली जन्मलेला, अमरावतीजवळ वलगाव इथे १९५६ साली देह ठेवलेला हा माणूस गावात शिरायचा तो खराटा घेऊन. आधी गाव झाडायचे, लाकडे फोडायची, मग भाकर मागायची. फुकट खाणे त्यांना चालत नसे. भाकर ही कामाची होती, आणि म्हणून काम हलके झाले असे त्यांच्याबद्दल आजवर कोणी म्हटलेले नाही. झाडणाऱ्याला भाकरीचा हक्क आहे, हे वऱ्हाडाला नव्याने शिकवण्याची गरज नसावी.

मग पैशाचे नाव काढताच सेवा बाटते, ही कल्पना कुठून आली? इथे विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. बाळंतपणातले रक्त, मळ, मूत्र, प्रेत यांना हात लावण्याचे काम आपल्या समाजाने विटाळाचे ठरवले आणि ठरावीक जातींच्या गळ्यात घातले. सुईण बाळंतिणीला सोडवायची; तिला जुने लुगडे आणि पसाभर धान्य मिळायचे, घरात शिरताना मात्र अंतर राखले जायचे. जे हात सर्वांत आधी बाळाला लागले, त्यांचाच स्पर्श पुढे चालत नसे. या कामाला त्याग, सेवा, पुण्य अशी मोठी नावे देणे सोपे होते, कारण त्या नावांना पैसे पडत नाहीत. सेवा फुकट असावी हा आग्रह धरणारे बहुतेक वेळा सेवा घेणाऱ्यांच्या बाजूला बसलेले असतात.

स्पर्शाचा हा प्रश्न अमरावतीत रस्त्यावर येऊन गेला आहे. १९२७ साली अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर परिषदेसाठी अमरावतीला आले, डॉ. पंजाबराव देशमुख मंदिर खुले करण्याच्या बाजूने उभे राहिले. पुढे १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी याच शहराला लागून तपोवन वसवले, ज्यांना घरच्यांनीही शिवायचे सोडले होते त्या कुष्ठरोग्यांसाठी. आज पंजाबरावांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय अमरावतीत आहे. स्पर्श हे जिथे लपवायचे काम नाही, शिकायचे आणि शिकवायचे काम आहे, अशा जागेवर त्यांचे नाव असावे, हे फार योग्य झाले.

आता व्यवहाराचे. २०२१ च्या फेब्रुवारीत करोनाच्या दुसऱ्या लाटेची पहिली झळ अमरावती-अकोल्याला लागली. २२ फेब्रुवारीपासून अमरावती शहर आणि अचलपूर पुन्हा बंद झाले. खाटा वाढवता येतात, खाटेशेजारचा शिकलेला हात रातोरात वाढवता येत नाही, हे तेव्हा देशाला कळले. त्याच वर्षी १८ जूनला केंद्राने एक लाख लोकांसाठी घरची शुश्रूषा, नमुने घेणे अशा सहा कामांचे छोटे अभ्यासक्रम सुरू केले. त्याआधी मार्चमध्ये सहायक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला. त्यात तंत्रज्ञ-सहायकांच्या पदविकेला किमान दोन हजार तासांचे शिक्षण लागते. जनरल ड्युटी असिस्टंटचे काही महिन्यांचे प्रमाणपत्र त्या पायरीवरचे नव्हे, आणि त्या प्रमाणपत्राने कोणी परिचारिकाही होत नाही. त्यासाठी किमान परिचर्येच्या एएनएम अभ्यासक्रमाची दोन किंवा जीएनएमची तीन वर्षे आणि परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. बारावीनंतर फी भरून बसलेल्या अनेक मुलींना हे कोणी आधी सांगत नाही. दर्यापूर, अकोटकडच्या बापाने कापसाचे पैसे मोजण्याआधी हा फरक विचारून घ्यावा.

तरीही त्या छोट्या कागदाला मोल आहे. त्यामुळे कामाला नाव मिळते, अनुभव मोजला जातो, पुण्या-नागपूरच्या रुग्णालयात ‘काय येते?’ या प्रश्नाला उत्तर देता येते. आणि मर्यादाही लिहिल्या जातात. सलाईनमध्ये औषध टाकायला सांगितले, तर ‘हे माझ्या कामात नाही’ असे म्हणण्याचे बळ न शिकलेल्या मावशीला कुठून येणार? कागद मिळाला की शिकणे संपतही नाही: अमेरिकेत दवाखान्यांतल्या सहायकांसाठी ‘सर्टिफाइड क्लिनिकल मेडिकल असिस्टंट’ हे प्रमाणपत्र आहे. ते दर दोन वर्षांनी नवे करावे लागते, आणि त्यासाठी पुन्हा काही शिकल्याचे दाखवावे लागते. आपण साधना म्हणतो तिलाही रोजचा अभ्यास लागतोच.

खाटेवरच्या माणसाने मावशी निवडलेली नसते. त्याची लाज, त्याची कातडी, त्याचा श्वास एका अनोळखी बाईच्या हाती असतो. ती बाई शिकलेली असणे हे त्याचे येणे आहे, आणि तिला महिन्याच्या महिन्याला पूर्ण पगार मिळणे हे तिचे.

दुपारचे दोन वाजतात. शिकाऊ मुलगी तक्त्यावर वेळ आणि ‘डावी कूस’ असे लिहून सही करते, आणि पुढच्या खाटेकडे जाण्याआधी पुन्हा नळाखाली हात धरते.