विझलेल्या भट्टीचे ऋण

कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीला नाव मिळाले ते काचकारखान्यावरून. औंधच्या पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने ओगले बंधूंनी १९१६ साली तो उभारला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील आपल्यापैकी अनेकांनी ओटीवर, गोठ्यात टांगलेला पाहिलाय. पुढे खेड्यात वीज आली, कंदील माळ्यावर गेला. कारखानाही बंद पडला.

‘काळाचा महिमा’ म्हणून हात झटकायचे का? अवधूतांच्या चोवीस गुरूंत अग्नीही आहे. अग्नी विझतो, पण त्यावर शिजलेले अन्न अंगी लागलेले असते. वीज आली हे चांगलेच झाले. पण आपल्या सोयीपायी ज्याची चूल थंडावली, त्याचा भार कोणी वाहायचा? ज्यांना उजेड मिळाला त्यांनीच. दत्तजयंतीला समई लावताना गावातल्या काम सुटलेल्या एका घराची विचारपूस करू या. तीही सेवाच.