बोलणे वेगळे, पसरवणे वेगळे

बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर नोव्हेंबर २०१२मध्ये मुंबई बंद होती. हा बंद कशासाठी, अशा आशयाची पोस्ट पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर टाकली आणि तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. त्यातूनच श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द केले. मत मांडणे वेगळे आणि चिथावणी देणे वेगळे, हे न्यायालयाने तेव्हा स्पष्ट केले.

१ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजार होता. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच गावोगाव पोहोचली होती. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले.

अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर वाद घालताना आपण सोयीनुसार यांतले एकच गाव आठवतो. दोन्ही समोर ठेवली, तरच प्रश्न नीट कळतो.

राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. २०२०मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली. त्यासाठी कुणाचा संदेश वाचावा किंवा पुसावा लागला नाही. आळा बसला तो वेगाला. मला वाट दिसते ती इथे. बोलण्याचा हक्क घटनेच्या कलम १९ने दिला आहे. आपले बोलणे लाखो मोबाइलवर ढकलले जावे, असा हक्क मात्र कुणालाच नाही. फेसबुक-यूट्यूबवर हे ढकलण्याचे काम अल्गोरिदम करतो आणि त्यावर कंपनीची कमाई चालते. म्हणून पहिला जाब त्या यंत्रणेला विचारायला हवा.

काही मजकूर काढावाच लागेल: हिंसेची चिथावणी, जिवे मारण्याची धमकी, लहान मुलांच्या लैंगिक शोषणाची चित्रे. पण काढणाऱ्याने कारण लेखी द्यावे आणि ज्याचा मजकूर गेला त्याला दाद मागता यावी. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ अ खाली सरकार मजकूर रोखते, ती कारवाई नियमानेच गोपनीय असते. अशी गुप्तता सरकारला शोभत नाही, कंपनीलाही नाही. आदेश हातात असेल, तरच तो चुकीचा असल्याचे कोर्टात दाखवता येते. कारणच कळले नाही, तर नागरिकाने लढायचे कशाच्या आधारावर?