पात्र उपडे करताना

कोल्हापुरात चप्पल लाइनवरच्या दुकानातून एखाद्या गिऱ्हाइकाला घालवून द्यायचे असेल, तर दुकानदाराला ते तोंडाने म्हणावे लागते. आजूबाजूची चार माणसे ऐकतात, शेजारचा 'काय झालं वो?' म्हणून डोकावतो आणि कारण सांगण्यावाचून सुटका नसते. तीच चप्पल व्हॉट्सअॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर विकणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. नावावर बोट ठेवले, 'ब्लॉक' दाबले, विषय संपला. ईबेसारख्या परदेशी बाजारात तर अडवलेल्या खरेदीदारांची वेगळी यादीच विक्रेत्याला ठेवता येते, आणि त्या यादीतल्या माणसाला त्याचा माल घेताच येत नाही. याकडे बहुतेकजण धंद्यातली एक सोय म्हणून पाहतात. मला हा धर्माचा प्रश्न वाटतो. जगाला 'या' म्हणून दार उघडलेल्या माणसाने एकालाच 'तू नको' म्हणावे, ते कोणत्या आधारावर? माझे म्हणणे असे की नकार देता येतो, कधी द्यावाही लागतो. पण तो कृत्यासाठी दिलेला असावा, ज्याला दिला त्याला कळवलेला असावा आणि मागे घेता येण्याजोगा असावा. यातली एखादी गोष्ट सुटली की आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललेला बहिष्कारच नव्या कपड्यांत उभा राहतो.

विक्रेत्याची तक्रार आधी नीट ऐकली पाहिजे, कारण ती खोटी नाही. गिऱ्हाईक कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने आखतो, त्याचा फोटो पाठवतो. कारागीर त्या मापाने तळ कापतो, पट्टा आणि कान बसवतो, वेणी घालतो. पार्सल सीओडीने जाते आणि दारात 'आता नको' म्हणून परत येते. जाण्यायेण्याचे भाडे विकणाऱ्याच्या माथी बसते, आणि त्या एकाच पायाच्या मापाची चप्पल दुसऱ्या कुणाला चालत नाही. कधी परत आलेल्या खोक्यात नव्या जोडाऐवजी जुना, टाच झिजलेला जोड निघतो. हा सरळ चोरीचा प्रकार आहे. पण परत आलेला प्रत्येक जोड असा नसतो. कोल्हापुरी पहिले काही दिवस चावते, तिला तेल लावून मऊ करावे लागते, पावसात घातली तर ती बिघडते, आणि वनस्पतींच्या सालीफळांनी कमावलेल्या कातड्याचा रंग दोन जोडांत हुबेहूब सारखा येत नाही. गावातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. गुवाहाटीच्या किंवा न्यू जर्सीच्या गिऱ्हाइकाला ते कुणी सांगितलेलेच नसते. 'पाय सोलला, रंग वेगळा आहे, पैसे परत द्या' असे तो लिहितो तेव्हा तो लुच्चा नसतो, अडाणी असतो; आणि त्या अडाणीपणातला अर्धा वाटा विक्रेत्याचा असतो. ब्लॉकच्या यादीत मात्र जुना जोड भरून पाठवणारा आणि हा, दोघे एकाखाली एक बसतात. यादीत नाव राहते, कृत्य राहत नाही.

देणाऱ्याकडून घेणे नाकारावे का, हा प्रश्न बौद्ध संघासमोर फार पूर्वीच आला होता. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात त्याची हकीकत आहे. वड्ढ नावाच्या एका लिच्छवी उपासकाने मेत्तिय आणि भुम्मजक या भिक्खूंच्या नादाने दब्ब मल्लपुत्त या दुसऱ्या भिक्खूवर आळ घेतला की त्याने माझ्या बायकोशी गैरवर्तन केले. बुद्धाने संघ जमवला, दब्बाला सर्वांसमोर विचारले, आळ खोटा ठरला. मग संघाने वड्ढावर 'पत्तनिक्कुज्जन' म्हणजे पात्र उपडे करण्याची कारवाई केली. त्याच्या घरची भिक्षा कोणी घ्यायची नाही, त्याच्याशी व्यवहार ठेवायचा नाही. ही शिक्षा कशासाठी करता येते त्याची आठ कारणे तिथे मोजून दिली आहेत: भिक्खूंचे नुकसान करू पाहणे, त्यांना शिवीगाळ करणे, त्यांच्यात भांडणे लावणे अशी. सगळी कारणे कृत्यांची आहेत. त्यात जात, गाव, गरिबी नाही. पुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बुद्धाचा शिष्य आनंद स्वतः वड्ढाच्या घरी गेला आणि संघाने काय ठरवले ते त्याला तोंडावर सांगितले. ऐकून वड्ढ बेशुद्ध पडला. शुद्धीवर आल्यावर ओल्या कपड्यांनिशी, ओल्या केसांनी आप्तेष्टांसह येऊन त्याने चूक कबूल केली, आणि ज्या रीतीने पात्र उपडे झाले होते त्याच रीतीने, संघासमोर ठराव मांडून, ते पुन्हा सुलटे करण्यात आले. भिक्षेवर जगणाऱ्यांना नकार महागात पडतो. तरी त्यांनी तो दिला, पण चौकशी, निरोप आणि परतीची वाट यांशिवाय दिला नाही.

गंमत अशी की ज्या ग्रंथावर बहिष्काराचा सगळा दोष आपण ठेवतो, आणि योग्यच ठेवतो, त्या मनुस्मृतीतही परतीची वाट आहे. अकराव्या अध्यायात पतिताला वाळीत टाकण्याचा विधी सांगितला आहे. गावाबाहेर, संध्याकाळी, नातेवाइकांसमोर दासी पाण्याने भरलेला घडा लाथेने उलटवते, जणू तो माणूस मेलाच. पण त्याने प्रायश्चित्त केले की त्याच नातेवाइकांनी त्याच्याबरोबर पवित्र जलाशयात स्नान करायचे, नवा घडा पाण्यात सोडायचा आणि तो पूर्वीसारखा घरचा व्हायचा. कागदावरची वाट आणि गावातली वाट यांत अंतर असते हे खरे. आई-वडिलांनी देहान्त प्रायश्चित्त घेतल्यावरही आळंदीच्या त्या चार भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठण गाठावे लागले, असे परंपरा सांगते. आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले त्यांच्यासाठी तर ही वाट नव्हतीच. नसणारच, कारण त्यांनी काही केलेलेच नव्हते, आणि जिथे कृत्य नाही तिथे प्रायश्चित्त कशाचे घ्यायचे? अस्पृश्यतेचा निर्दयपणा माझ्या मते इथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्याचा येतो. गिऱ्हाईक कारण न देता दुकान बदलतो, मग दुकानदाराला कारण का विचारता? उत्तर असे की दुकान हे घर नव्हे. घरी कोणाला बोलवायचे हा माझा प्रश्न. दुकान उघडणाऱ्याने मात्र आधीच सर्वांना बोलावलेले असते. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी आजच्या पंधराव्या अनुच्छेदातल्या 'दुकान' या शब्दाबद्दल विचारणा झाली, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याचा अर्थ मुद्दाम व्यापक ठेवला. आत पाऊल ठेवण्यापुरता तो नाही; अटी मान्य असतील त्याला सेवा मिळाली पाहिजे, असा त्याचा आशय त्यांनी सांगितला. म्हणजे दुकानदाराच्या हाती अटी आहेत, माणसे निवडणे नाही. आणि गिऱ्हाइकाचे स्वातंत्र्य तरी पुरते निष्पाप कुठे असते? दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचे दुकान काढले तेव्हा सवर्ण गिऱ्हाइके तिकडे फिरकेनात. एकेकट्याने पाहिले तर प्रत्येकजण फक्त चहा घेत नव्हता. सगळ्यांचे मिळून ते कांबळ्यांना ब्लॉक करणेच होते. शाहू महाराजांनी हुकूम काढून लोकांना तिथे पाठवले नाही. स्वतःची गाडी दुकानापुढे उभी केली, चहा मागवला आणि सोबतच्यांनाही पाजला. नकार देणारा हात विक्रेत्याचा की खरेदीदाराचा, याने फार फरक पडत नाही. तो एका कृत्याला उत्तर आहे की माणसाच्या असण्याला, एवढेच पाहायचे.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूचा आणि अधिक सात्त्विक आहे. संतांची शिकवण क्षमेची. एकनाथांवर एकजण पुन्हापुन्हा थुंकला आणि ते प्रत्येक वेळी शांतपणे गोदावरीत स्नान करून आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मग नकार मुळात द्यावाच का? कथा मोठी आहे, पण तिच्यातला खर्च कोणी केला ते पाहावे. स्नान नाथांनी केले, थंडी त्यांना वाजली. ऑनलाइन विकणारा जेव्हा लबाड गिऱ्हाइकाला पाचव्यांदा माफ करतो, तेव्हा बुडालेले भाडे आणि फुकट गेलेला जोड बहुधा कारागिराच्या मजुरीतून वळता होतो. दुसऱ्याच्या खिशातून केलेल्या क्षमेला मी क्षमा म्हणणार नाही. कारागिराचे पैसे चुकते करून उरलेल्या नफ्यातून कोणी नाथांच्या वाटेने जाणार असेल, तर त्याला नमस्कार.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. संघापाशी वेळ होता, ठराव मांडायला माणसे होती. इथे नवरा-बायको दोघांत धंदा, रात्री अकराला पार्सले बांधायची. त्यांनी काय न्यायालय भरवायचे? न्यायालय नको. पण स्वागत आणि ब्लॉक यांच्यामध्ये पायऱ्या बऱ्याच आहेत आणि त्या स्वस्त आहेत. दोनदा पार्सल परतवणाऱ्याला सांगता येते की यापुढे पैसे आधी, सीओडी नाही. मापाची चप्पल बदलून मिळणार नाही हे ऑर्डर घेतानाच लिहिता येते. माल भरतानाचा व्हिडिओ ठेवता येतो. आंबेडकरांनी सांगितलेल्या 'अटी' त्या याच. त्या मान्य नसतील तर गिऱ्हाईक आपणहून जातो आणि त्याला कोणी हाकललेले नसते. मात्र माल खराब निघाला म्हणून ओरडणाऱ्याला यात गोवायचे नाही. सदोष किंवा वर्णनाबाहेरचा माल परत घेण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात, आणि तक्रार करणाऱ्याचे तोंड बंद करायला ब्लॉक वापरणारे काही कमी नाहीत. एक अपवाद मी विनाशर्त मानतो. विकणाऱ्या बाईला कोणी मध्यरात्री घाणेरडे संदेश पाठवत असेल, तर तिने चौकशी, निरोप असले काही करू नये. तत्क्षणी ब्लॉक करावे आणि वाटले तर पोलिसांत जावे. ते स्वतःचे रक्षण आहे, शिक्षा नव्हे, म्हणून शिक्षेचे नियम तिथे लागत नाहीत.

या सगळ्यापेक्षा काळजीची गोष्ट दुसरीच आहे. एका दुकानाने नाकारलेल्याला दुसरे दुकान असते. पण विक्रेत्यांच्या ग्रुपवर 'फ्रॉड कस्टमर' म्हणून नंबर आणि पत्ता फिरू लागला की ज्यांनी त्या माणसाशी कधी व्यवहार केला नाही तेही दार लावतात. एकाने सांगितले, बाकीच्यांनी मानले. जातपंचायत याहून वेगळे काय करत होती? महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला आणि तो २०१७ पासून लागू आहे. दोषीला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तो जातीच्या आणि समूहाच्या पंचायतींसाठी आहे, विक्रेत्यांच्या ग्रुपला तो लागेल असे मी म्हणत नाही. पण तो ज्या दुखण्यासाठी केला ते हेच. पिनकोडची गोष्ट त्याच्या पुढची. एका भागातून परत येणारा माल वाढला की त्या अख्ख्या पिनकोडची सीओडी बंद होते. त्या वस्तीत ज्याचे बँकखाते नावापुरते आहे, ज्याने आजवर एकही पार्सल परतवले नाही, त्यालाही आता दारात रोख देऊन चप्पल घेता येत नाही. त्याने काही केलेले नाही, म्हणून त्याला काही सुधारताही येत नाही.

राहता राहिला परतीचा प्रश्न. ओल्या कपड्यांनी माफी मागायला कोण येणार, असे कोणी म्हणेल. फारसे कोणी येणार नाही, मान्य. पण ब्लॉक केलेल्याला यायचे असले तरी त्याचा निरोप पोचत नाही, ही अडचण विक्रेत्याने निर्माण केलेली आहे. म्हणून यादी अधूनमधून उघडून पाहण्याची जबाबदारीही त्याचीच. आपल्याकडे व्यापारी लक्ष्मीपूजनाला नाही तर पाडव्याला नवी वही घालतात, तेव्हा जुन्या उधाऱ्या पुढे ओढायच्या की सोडून द्यायच्या हे ठरतेच; त्या बैठकीत ही यादीही पाहावी, कारण नोंदलेले नसेल ते नाव काढावे. याला एक साधे व्यावहारिक कारणही आहे. बंद पडलेला मोबाइल नंबर किमान ९० दिवस गेल्यावर दुसऱ्याच माणसाला दिला जातो. चार वर्षांपूर्वी जुना जोड भरून पाठवणाऱ्याचा नंबर आज कदाचित एखाद्या कॉलेजातल्या मुलीकडे असेल, आणि वडिलांसाठी नऊ नंबरची कोल्हापुरी मिळेल का म्हणून ती विचारत असेल.